कोरडा टेंट कुणी पाहिलाच नाही

पैसे कापले ते एक वेळ विसरता येईल. पण "फाटके टेंट देऊन फसवता" हे त्या ग्रुपचं बोलणं अजून मनातून जात नाही.

घाटघरला जीवधनच्या पायथ्याशी आमची भातखाचरं आहेत. कापणी उरकली की तिथंच आम्ही नाणेघाटात येणाऱ्यांना टेंट लावून देतो. जानेवारीतली गोष्ट. आभाळ निरभ्र, थंडी कडक. एका टेंटमध्ये चौघे झोपले आणि चेन पार शेवटपर्यंत लावून घेतली. पहाटे आरडाओरडा. कापड आतून ओलं, थेंब तोंडावर पडलेले, स्लीपिंग बॅगा दमट.

"टेंट गळतोय," एक जण म्हणाला.

"दादा, पाऊस कुठं झालाय?"

"दव पडलंय ना. बाहेरूनही ओलाच आहे."

बाहेरून ओला होता, हे खरं. दहिवर पडलं होतं. पण शेजारीच त्यांच्या सामानाचा टेंट होता. तसाच, त्याच कापडाचा, रात्रभर त्याच दहिवरात उभा. मी आतून हात फिरवला, तर कोरडा. "या, हात लावून बघा," मी पुन्हा पुन्हा म्हणालो. चार पावलांवर होता तो. शिकलीसवरलेली माणसं, पण एकही जण वाकून बघायला आला नाही. आणि हे बोलताना त्यांच्याच तोंडातून पांढरे लोट निघत होते!

जुन्नरला बारावी सायन्स केलंय, म्हणून सांगायचा प्रयत्न केला. नाकातोंडातून बाहेर पडणारी हवा साधारण ३४ अंशांची आणि वाफेने जवळजवळ भरलेली असते. त्या तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना जेमतेम ९. श्वास गार हवेत मिसळला की जादा वाफेचे थेंब होतात. खुद्द वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते हे बारीक थेंब, हवेतल्या धूलिकणांवर धरलेले. मुंबईच्या उबदार हवेत ती वाफ सामावून जाते, म्हणून तिथं काही दिसत नाही. त्यात निरभ्र रात्री टेंटचं कापड आपली उष्णता आभाळाकडे टाकत राहतं आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतं. चौघांच्या श्वासातून रात्रभरात पाव लिटरभर पाणी सहज बाहेर पडतं. बंद टेंटमधून ते जाणार कुठं?

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी अर्धे पैसे हातावर ठेवले. माझी आई शेजारी चहाची भांडी घासत होती. तिच्यादेखत "फसवता" म्हणाले.

आता प्रत्येक ग्रुपला आधीच सांगतो: वरची जाळी उघडी ठेवा, खालून थोडी हवा येऊ द्या, ओले कपडे आत वाळत घालू नका. शेगडी तर आत पेटवूच नका. जळणाऱ्या गॅसचंही पाणी होतं आणि विषारी वायूनं जीव जातो. तरी लोक चेन लावतात. त्यांना तरी काय बोलू? कोकणाच्या अंगानं वारा चढला की मीही लावतो आणि सकाळी फडक्यानं आतून पुसून काढतो.

भाडं मात्र आता पूर्ण आणि आधी घेतो. आईला हे पटत नाही. दारी आलेल्या पाहुण्याकडं आधी पैसे मागायचे नसतात, असं ती म्हणते. तिचं बरोबर आहे. पण मी घेणार.