आग्रहाचा घास

सणावारी पाहुण्यास आग्रह करून वाढणे ही आपल्या गावाकडील जुनी व प्रेमळ रीत होय. परंतु ज्याच्या ताटात आपण वाढतो, त्याच्या प्रकृतीचा विचार त्या आग्रहात नसेल तर त्याचा जाच होतो. आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीवर हा प्रसंग आला.

अतिस्थूलता व मधुमेह यांनी ती बेजार झाली होती. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून तिने जठराची शस्त्रक्रिया करून घेतली. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवतात. त्यानंतर जेवणे ही जणू नव्याने शिकण्याची विद्या होते. आरंभी पाणी व नितळ सार, मग दूध-ताक, पुढे घोटलेले वरण व मऊ भात आणि सुमारे दोन महिन्यांनी घरचे नेहमीचे अन्न, तेही वाटीभरच. प्रत्येक घास सावकाश, बारीक चावावा लागतो. जेवताना पाणी वर्ज्य. ते अर्ध्या तासाने घोटघोट प्यावयाचे. प्रथम अंडे, मासळी किंवा डाळ, आणि पोटात जागा उरली तरच भात-भाकरी. मद्य फार लवकर चढते, म्हणून ते टाळणेच बरे. शिवाय ब-१२ जीवनसत्त्व, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे जन्मभर घ्यावयाच्या.

फेस्ताच्या पंगतीत मात्र तिला बोल ऐकावे लागले. "आमच्या हातचे गोड लागत नाही वाटते!" असे कोणी म्हणे, "उपास करण्याऐवजी पोट कापून घेतले," असे दुसरी कोणी कुजबुजे. भिडेखातर दोन घास जास्त गेले की छातीत दाटून येई व उलटी होई. अखेर तिने पंगतीला येणेच सोडले. पुढे ती मिस्सेलाही दिसेना, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "फादर, मला थोड्या थोड्या वेळाने खावे लागते. ख्रिस्तप्रसाद कसा घेऊ? राखेच्या बुधवारी उपास नाही केला तर पाप लागेल ना?"

मी तिला सांगितले, की पाणी व औषध यांनी ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवास मोडत नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेने आजारी व वृद्ध माणसांना तर त्या तासात काही खाल्ले असले तरीही ख्रिस्तप्रसाद घेण्याची मोकळीक दिली आहे. राखेच्या बुधवारचा उपवासही आजाऱ्यांच्या प्रकृतीस अपाय व्हावा म्हणून नेमलेला नाही. एवढे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आले. पुढच्या रविवारी ती मिस्सेला आली.

खादाडपणा हे सात मुख्य पापांपैकी एक खरे. परंतु महान संत ग्रेगरी यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले असून, अधिक खाणे हा त्यांतील केवळ एक होय. वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचा हव्यास, जिभेचे चोचले व हावरेपणा हेही त्यातच येतात. तेव्हा अंगाच्या आकारावरून कोणाचे पाप मोजता येत नाही. स्थूलता हा अनेकदा आजार असतो. त्यावरील शस्त्रक्रिया ही काही पळवाट नव्हे. तिने भूक कमी होते, पण जिभेची चटक शस्त्राने कापली जात नाही. तिच्याशी त्या माणसास रोज झगडावे लागते.

प्रिय बंधुभगिनींनो, येत्या सणाला अशा माणसास लहान वाटीत वाढा, सावकाश जेवू द्या आणि "पुरे" म्हटल्यावर हात आवरा. त्याच्या जोडीला पंगतीत बसून राहणे हेही आतिथ्यच आहे. प्रभू येशू आपल्या घराघरांतील भोजनास आशीर्वाद देवो.