मुंबई ते न्यूयॉर्क

घाटकोपरच्या आमच्या वस्तीवरून दिवसरात्र विमाने उतरतात. त्यांचा आवाज ऐकतच मुले वाढली. पण घरातले कुणी कधी विमानात बसले नव्हते. ऑगस्टमध्ये थोरली लेक शिष्यवृत्तीवर शिकायला न्यूयॉर्कला निघाली.

"किती लांब ग ते?" हिने विचारले. लेकीने वहीत लिहून दाखवले : मुंबई विमानतळ ते न्यूयॉर्कचे केनेडी विमानतळ, सरळ अंतर सुमारे 12,500 किलोमीटर, थेट विमानाने साधारण 16 तास. रात्री दोनला निघून तिथल्या सकाळी साडेआठला पोहोचणार.

"मग साडेसहाच तास की!"

लेक हसली. "आई, तिथले घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तेव्हा इथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतील."

तिला पोहोचवून आलो, पण हिला झोप लागेना. सारखी घड्याळाकडे बघे. माझ्या मनात 1913 साल आले. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बावीस वर्षांचे बाबासाहेब बोटीने याच शहरी गेले. तो प्रवास तासांचा नव्हता, आठवड्यांचा होता. पत्रही बोटीनेच यायचे. ते परतले 1917 मध्ये. तोवर माता रमाईने किती दिवस मोजले असतील!

मी हे बोललो, तशी ही उठली. तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि म्हणाली, "आपले तर सोळाच तास."

संध्याकाळी साडेसहाला फोन वाजला.

"आई, जयभीम. पोहोचले."