पासंग



"आजकालच्या सुनांना धर्माची गोडी राहिली नाही." हे वाक्य लग्नाच्या मांडवात, पारण्याच्या पंगतीत, बस्तीच्या पायऱ्यांवर आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. आपल्यापैकी काहींनी ते सून असताना ऐकलं आणि आता सासू झाल्यावर म्हणायची पाळी आली आहे. आजचा लेख या वाक्याबद्दल आहे, आणि थोडा सांख्यिकीबद्दलही. घाबरू नका, गणितं घालणार नाही. बी.कॉम.ला आम्ही सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन पाठ करून पास झालो. नमुना कसा निवडावा हा त्यातला छोटासा धडा होता. त्या धड्याचा उपयोग मला गेल्या चातुर्मासात झाला.

आमच्याकडे चातुर्मासात दुपारी तीनला महिलांचा स्वाध्याय असतो. तरुण मुली येत नाहीत, वेळ बदलायची का, असा विषय निघाला. स्वाध्याय संपल्यावर एका ज्येष्ठ ताईंनी उभं राहून विचारलं, "तीनची वेळ सगळ्यांना सोयीची आहे ना? हात वर करा." समोर चाळीसेक जणी होत्या. बहुतेक सगळ्यांचे हात वर गेले. "बघा, कुणाचीच अडचण नाही. ज्यांना यायचं नाही, त्या कुठल्याही वेळेला येणार नाहीत." झालं, विषय मिटला.

माझी सून बँकेत आहे. सकाळी सगळ्यांचा स्वयंपाक करून निघते आणि घरी पोचायला तिला साडेसात होतात. रात्री जेवायचं नाही म्हणून संध्याकाळचा डबाही सोबत नेते आणि दिवस मावळायच्या आत ऑफिसातच खाऊन घेते. तीन वाजता ती हॉलमध्ये नव्हती, म्हणून तिचा हात मोजला गेला नाही. पण "गोडी राहिली नाही" हा शिक्का मात्र तिच्यावर बसला. शाळेत गुरुजी गमतीनं म्हणायचे, "गैरहजर असतील त्यांनी हात वर करा." इथं तेच झालं होतं, फक्त गंमत म्हणून नव्हे.

आपल्यातल्या बऱ्याच जणी व्यापारी घरांतल्या आहेत, तेव्हा पासंग म्हणजे काय ते सांगायला नको. माझ्या माहेरी धान्याचं दुकान होतं. नवीन गिऱ्हाईक आलं की वडील आधी रिकामा तराजू उचलून दाखवायचे. दोन पारड्यांत मुळातच फरक असेल, तर दहा वेळा तोला, दहाही वेळा माप त्याच बाजूला चुकणार. जास्त वेळा तोलल्यानं पासंग जात नाही. सांख्यिकीत ज्याला 'बायस' म्हणतात, तो हाच. चाळीसच्या जागी चारशे जणी हॉलमध्ये असत्या, तरी तीन वाजता येऊ शकणाऱ्याच चारशे असत्या.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३६ साली तिथं राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकानं सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या आणि जवळजवळ २४ लाख भरून परत आल्या. त्यांनी जाहीर केलं की लँडन जिंकणार आणि रूझवेल्ट पडणार. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्टनी जिंकली. जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजार लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला होता. २४ लाख चुकले कसे? साप्ताहिकाचे पत्ते बऱ्याच अंशी टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले होते. मंदीच्या त्या दिवसांत फोन आणि मोटार असणारी माणसं कोण असणार? शिवाय चौघांपैकी तिघांनी तर उत्तरच दिलं नाही, आणि उत्तर पाठवणारे हे न पाठवणाऱ्यांसारखे नव्हते. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं.

मी ताईंशी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की एकदा घरोघरी विचारून बघू या. शेजारच्या वहिनी सोबत यायला तयार झाल्या. "आपल्या ओळखीच्या घरांत जाऊ, पटापट होईल," त्या म्हणाल्या. मी नको म्हटलं, कारण ओळखीची घरं म्हणजे आपल्यासारखीच घरं. समाजाच्या यादीतल्या प्रत्येक घराची चिठ्ठी केली, स्टीलच्या डब्यात घालून हलवली आणि नातीला डोळे मिटून तीस काढायला लावल्या. यादीतल्या कुठल्याही घराची चिठ्ठी निघण्याची शक्यता सारखीच. पुस्तकात याला 'यादृच्छिक नमुना' असं जड नाव आहे. आपण त्याला चिठ्ठ्या टाकणं म्हणतो.

पहिल्याच दिवशी पाच घरांना कुलूप. वहिनी म्हणाल्या, "राहू दे, शेजारच्या घरात विचारू. एक घर गेलं, एक आलं." वरवर बरोबर वाटतं ना? पण दुपारी कुलूप कुणाच्या घराला असतं? जिथली बाई बाहेर कामाला जाते, तिच्या. तिच्या जागी घरात असलेली शेजारीण घेतली की पुन्हा तोच पासंग. आम्ही त्या पाचही घरी परत गेलो. रात्री आठनंतर गेलो, एका घरी तिसऱ्या खेपेला रविवारी गेलो. वहिनींचे पाय दुखले, पण त्याच म्हणाल्या, "खरं ऐकायचं होतं ते इथंच होतं."

प्रश्नही जपून लिहावा लागला. ताईंचं म्हणणं होतं, असं विचारा: "धर्मासाठी आठवड्यातून एक तास काढणं तुम्हाला जमत नाही का?" यावर कोण 'जमत नाही' म्हणेल? उत्तर प्रश्नातच कोंबलेलं होतं. आम्ही लिहिलं: "स्वाध्यायाला यायचं झाल्यास कोणता वार आणि कोणती वेळ सोयीची? यायची इच्छा नसेल तर तसं लिहा."

आणखी एक गोष्ट. एका घरी सासूबाई पोहे निवडत बसल्या होत्या. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "वेळच मिळत नाही हो काकू." पुढं काही नाही. मग आम्ही तोंडी विचारणं सोडलं. घरातल्या प्रत्येकीला एक कागद द्यायचा, नाव लिहायचं नाही, घडी घालून पेढ्याच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. त्याच सुनेनं आत जाऊन कागद भरला आणि परत आली तेव्हा हसत होती. माणूस समोर कोण बसलंय ते बघून उत्तर देतो. तो खोटं बोलतो असं नाही, सांभाळून बोलतो.

डबा उघडला तेव्हा रविवार सकाळ मागणारे कागद सर्वांत जास्त निघाले. काहींनी फोनवर प्रवचन ऐकत असल्याचं लिहिलं होतं. काहींनी सरळ 'इच्छा नाही' लिहिलं होतं, तेही आम्ही जसंच्या तसं मोजलं. आणि जे कुणाच्याच ध्यानात नव्हतं तेही निघालं. वयस्कर बायकांना हॉलचा जिना चढवत नव्हता. त्याही येत नव्हत्या, पण त्यांच्याबद्दल कुणी गोडी नाही म्हटलं नव्हतं. आता रविवारी सकाळी पूजेनंतर खालच्या ओवरीत दुसरा वर्ग भरतो. ओवरी भरून वाहते असं मी म्हणणार नाही. पण ते वाक्य आता आमच्याकडे पूर्वीइतक्या सहज म्हटलं जात नाही.

आपल्याला हे परकं वाटू नये. कोलकात्यात १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था काढणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली एका लेखात आपल्या स्याद्वादाचा आणि सांख्यिकीच्या पायाचा संबंध मांडला होता. 'अमुक अपेक्षेनं असं आहे' म्हणणाऱ्या घरात 'सगळ्या अशाच' हे वाक्य खरं तर बसतच नाही.

विचारण्याचं झालं. आता करून बघण्याचं सांगते, कारण तिथं आपले पैसे जातात. आमच्या गटात गुडघ्यांसाठी एक पावडर फिरते आहे. "घेतली त्या सगळ्यांना बरं वाटलं," असं सांगतात. सोडून दिलेल्या मोजल्या का? ऐन थंडीत गुडघे सर्वांत जास्त दुखत असताना सुरू केली आणि उन्हाळा लागल्यावर विचारलं, तर गुण पावडरीचा की उन्हाचा? हे कळायला न घेणाऱ्यांचाही तसाच गट हवा. आणि दोन गट कोण पाडतं, यातच खरी मेख आहे.

१९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायरमध्ये शाळेत दूध दिल्यानं मुलांची वाढ किती होते ते पाहिलं गेलं. ६७ शाळा, २० हजार मुलं. निम्म्यांना चार महिने रोज दूध, निम्म्यांना नाही. वाटणी चिठ्ठ्यांनी किंवा नावांच्या क्रमानं करायची होती, पण एका गटात धष्टपुष्ट किंवा अशक्त मुलं जास्त वाटली तर शिक्षकांना अदलाबदल करायची मुभा होती. समोर हडकुळं पोर उभं असताना कोण त्याला दूध नाकारेल? पुष्कळ अशक्त मुलं दुधाच्या गटात गेली असावीत, कारण दूध न मिळालेली मुलं सुरुवातीलाच उंचीनं आणि वजनानं सरस निघाली. त्यातून वजन कपड्यांसकट घेतलेलं, पहिलं थंडीत आणि दुसरं उन्हाळ्याच्या तोंडावर. खात्यापित्या घरच्या मुलांचे जाड कपडे उतरले. गरिबाकडे उतरवायला फारसं होतंच कुठं? विल्यम गॉसेट यांनी १९३१ साली हे सगळं दाखवून दिलं. पुस्तकातल्या 'स्टुडंटच्या टी चाचणी'तले स्टुडंट ते हेच. त्यांचं म्हणणं होतं की जुळ्या भावंडांच्या ५० जोड्या घेऊन कुणाला दूध द्यायचं ते नाणं उडवून ठरवलं असतं, तर २० हजार मुलांपेक्षा भरवशाचं उत्तर मिळालं असतं.

शिक्षकांच्या मनात दयाच होती. दयेनं मूल जेवू घालावं, यात काय वाईट? पण दूध किती उपयोगी हे त्या मोठ्या प्रयोगातून चोख कळायला हवं होतं, ते कळलं नाही. नंतरच्या लाखो मुलांच्या बाबतीत ठरवायचं असतं, तेव्हा निवड चिठ्ठीवर सोडणं हा निष्ठुरपणा नव्हे.

पोलिओचंच बघा. आपल्या वयाच्या प्रत्येकीला कॅलिपर लावलेली एखादी वर्गमैत्रीण आठवत असेल. १९५४ साली अमेरिकेत साल्क यांच्या लशीची परीक्षा झाली. तिच्या एका भागात पालकांनी होकार दिलेल्या सुमारे ४ लाख मुलांची वाटणी नशिबावर सोडली. निम्म्यांना लस, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली सुई. कुणाला काय टोचलं हे पालकांना माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. लस मिळालेल्यांत लाखात २८ मुलांना पोलिओ झाला, नुसती सुई मिळालेल्यांत ७१ जणांना. आणि ज्यांच्या पालकांनी नकार दिला होता, त्या मुलांत ४६. लस न घेताही ४६ कसे? होकार देणारी घरं सरासरीनं जास्त सुस्थितीतली होती. तिथल्या मुलांचा तान्हेपणी, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असताना, या विषाणूशी संबंध कमी यायचा, म्हणून मोठेपणी धोका जास्त. लस घेतलेल्यांची तुलना नकार देणाऱ्यांशी केली असती, तर लशीचा गुण आहे त्यापेक्षा बराच कमी दिसला असता. 'हो' म्हणणारे आणि 'नाही' म्हणणारे मुळातच वेगळे असतात. हॉलमध्ये येणाऱ्या आणि न येणाऱ्याही तशाच.

म्हणून मैत्रिणींनो, 'सगळ्यांना गुण आला' असं कुणी म्हणालं, तर पाकीट उघडण्याआधी विचारा: न घेणाऱ्यांचं काय झालं, आणि मध्येच सोडणाऱ्यांचं? आणि एखाद्या घरच्या सुनेबद्दल 'सगळ्यांना माहीत आहे' असं कुणी म्हणालं, तर भांडू नका. एवढंच विचारा, "तिला विचारायला गेला होतात का? आणि किती वाजता?"