आडवा वारा

‘वारा वाहील तशी पाठ द्यावी’ ही म्हण ज्यानें प्रथम काढली तो मनुष्य खचित देशावरचा असला पाहिजे. दर्यावर्दी माणसाच्या तोंडून ती निघणें कठीण. वाऱ्याला पाठ देऊन एका दिशेस जातां येतें, पण घरीं परत यावयाची वेळ झाली कीं त्या म्हणीचा उपयोग संपतो. आम्हां पुणेकरांना मात्र ती पटण्यासारखी आहे, कारण आमचा वाऱ्याशीं संबंध बहुधा बोलण्यापुरताच असतो. आम्ही कोणाला वाऱ्यावर सोडतों, कोणाच्या वाऱ्याला उभे राहत नाहीं. खऱ्या वाऱ्याची चौकशी मात्र केव्हांच सरकारकडे सोंपविली आहे. हवामानखात्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली आणि १९४४ सालीं दिल्लीस गेली. तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला व तिच्यापुढील चौकाला लोक अद्याप ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. त्या चौकावरून मी जवळजवळ तीस वर्षें कॉलेजांत जात आहें. वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं मात्र मी तेथें मान वर करून झाडांच्या शेंड्यांकडे पाहूं लागलों.

याला कारण झाली विद्यार्थ्यांबरोबर केलेली गोव्याची एक सहल. दोना पावलाच्या बाजूस, झुआरीच्या मुखाशीं, एक तरुण शीड धरून फळीवर उभा राहून चालला होता, आणि त्याची फळी पाण्याला लागतच नव्हती. फळी व लाटा यांच्यामध्यें हातभर मोकळी हवा होती. मागें फेंस नाहीं, आवाज नाहीं. पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाला यांत चमत्कार वाटूं नये, हें खरें. पण मला वाटला.

शिडाची फळी, म्हणजे विंडसर्फिंग, ही १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत निघालेली युक्ति आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्यें तिच्या शर्यती प्रथम झाल्या. तिला सुकाणू नसतें. डोलकाठी तळाशीं सर्व बाजूंस कलते. शीड पुढें कलविलें कीं फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागें कलविलें कीं वाऱ्याकडे तोंड करते. अलीकडे या फळीखालीं एक उभा दांडा आणि त्याच्या टोकाशीं विमानाच्या आकाराचे दोन पंख बसवितात. त्याला फॉइल म्हणतात. २०२४ च्या ऑलिंपिकमध्यें मार्सेयच्या समुद्रावर विंडसर्फिंगच्या शर्यती प्रथमच अशा फळ्यांवर झाल्या. कल्पना मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे. फोर्लानिनी या इटालियन शोधकानें १९०६ सालीं माज्जोरे सरोवरावर अशा पंखांची बोट चालविली होती, आणि टेलिफोनच्या ग्रॅहम बेल यांच्या बोटीनें १९१९ सालीं कॅनडांत ताशीं ११४ किलोमीटरचा वेग गाठला. पाणी हवेपेक्षां सुमारें आठशेंपट दाट असल्यामुळें दोन-अडीच फूट लांबीचा पंखहि एका माणसाला उचलूं शकतो. वेग दुप्पट झाला कीं उचल चौपट होते. हें सूत्र मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिलें. त्याचा अर्थ फळीवर कळावयाचा होता.

येथें आमच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. माझी आई मूळची नारायण पेठेंतील. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणहि गेलें, आणि नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या, तेव्हां ती सोळा वर्षांची होती. तिच्या माहेरचा वाडा त्या दिवशीं बसला. पुढें तें कुटुंब गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतींत राहावयास गेलें. माणसें सर्व वांचलीं, पण पाण्याविषयीं एक अलिखित कायदा त्या घरांत झाला आणि तो आईबरोबर आमच्या घरीं आला. उन्हाळ्याच्या सुटींत वर्गांतलीं मुलें टिळक तलावावर पोहावयास जात. मी व माझी बहीण गच्चीवर पतंग उडवीत असूं. खडकवासल्याची सहल निघाली कीं आमच्या घरीं नेमका कोणाला तरी ताप येई. आईनें या कायद्याचें कारण कधीं सांगितलें नाहीं, आणि आम्हींहि तें विचारलें नाहीं. पुराची हकीकत मीं अनेक जुन्या पुणेकरांच्या तोंडून ऐकली आहे. फक्त आईच्या तोंडून ऐकली नव्हती.

तेव्हां प्रथम पोहणें शिकलों. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या तुकडींत, सकाळीं सहा वाजतां. घरीं सांगून जात असें. आई ‘बरं’ एवढेंच म्हणे, आणि मी परत येईपर्यंत चहा घेत नसे. पुढें मी सुट्यांत गोव्यास जाऊं लागलों, तेव्हां पाण्यांतून बाहेर येतांच पुण्यास फोन करावयाचा असा नेम ठरला. फोन केव्हां दुपारीं एकला होई, केव्हां चारला. त्या दिवसांत आईचा सकाळचा चहा कोणत्या वेळीं होत असे हें मला बहिणीकडून कळलें. ऐंशीच्या घरांतल्या बाईला असा उपास घडवून आपण समुद्रावर खेळावें कीं नाहीं, हा प्रश्न मला लाटांपेक्षां जड वाटे.

गोव्याचा वारा हिवाळ्यांत दोन पाळ्यांत काम करतो. रात्रीं व पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई. दुपारीं जमीन तापली कीं समुद्रावरून येतो तो खारा वारा. शिडाच्या होड्यांच्या काळीं कोळी मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर घरीं येत. मतलई हलका व लहरी. त्याला सात चौरस मीटरचें शीड आणि मोठा पंख लागतो. शिवाय तो माणसाला किनाऱ्यापासून दूर नेतो, म्हणून सकाळीं मागें मोटारबोट असल्यावांचून मला सोडीत नसत. खारा वारा भरीव. जोर धरला कीं त्याला पांच-साडेपांच मीटरचें शीड आणि लहान पंख पुरतो.

मीं एक वही केली. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची हा प्रयोगशाळेंतला नियम तेथेंहि पाळला. मोठा पंख दुपारच्या वाऱ्यांत लावून पाहिला: फळी इतकी उसळली कीं पंखच पाण्याबाहेर आला, उचल एका क्षणांत नाहींशी झाली, आणि मी शिडासकट पाण्यांत. लहान पंख सकाळीं लावला: अर्धा तास मी बगळ्यासारखा उभा, आणि फळी पाण्याला चिकटलेली. डोलकाठीचा पाया चार बोटें पुढें सरकविला कीं फळीचें नाक दबून राहतें, मागें घेतला कीं ती लवकर उठते. वहींतील निम्मीं पानें या चार बोटांविषयीं आहेत.

आणि सर्व जुळवून समुद्रांत गेल्यावर वारा बदलतो. मग हातीं राहतें तें आपलें शरीर. पाण्यावर काळसर सुरकुती धांवत येते ती म्हणजे वाऱ्याचा झोत. तो लागला कीं वजन पुढच्या पायावर द्यावयाचें असतें. भय मात्र मागें रेलावयास सांगतें, आणि मागें रेलणारा हमखास पडतो. मला शिकविणारा गोवेकर तरुण माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. मी खालीं पाण्याकडे पाहूं लागलों कीं तो बोटींतून ओरडे, “मुखार पळयात, सर!” पुढें पाहा. दुसऱ्या हिवाळ्यांत एका दुपारीं मीं पुढें पाहिलें, आणि फळीखालचा खळखळाट एकाएकीं थांबला. पाणी खालीं राहिलें. दहा-बारा सेकंद असतील. लहानपणापासून ज्याच्याजवळ जावयाचें नाहीं असें घोकलें होतें त्यानेंच मला उचलून धरलें होतें.

त्या वेळीं वारा बाजूनें लागत होता. ही फळी आडव्या वाऱ्यांत उत्तम चालते. पाठ देऊन निघालें तर जों जों वेग वाढतो तों तों वारा आपल्यापुरता मंदावतो; सरळ तोंडावर घेतला तर शीड नुसतें फडफडतें. बाजूनें घेतला म्हणजे आपल्या गतीनें उत्पन्न झालेला वाराहि त्यांत मिळतो, आणि शीड भरत जातें.

हें मला उपयोगीं पडलें तें घरीं. आईच्या भयाला पाठ देऊन मीं चाळीस वर्षें काढलीं होतीं, आणि त्याच्याशीं समोरासमोर वाद घालण्यांत अर्थ नव्हता. एप्रिलच्या एका संध्याकाळीं आम्ही गॅलरींत बसलों असतां पश्चिमेची गार झुळूक आली. मीं सांगितलें कीं हा खारा वाराच आहे, घाट चढून आला आहे. मग वही आणली आणि त्या दुपारचें पान वाचून दाखविलें. ती ऐकत राहिली. थोड्या वेळानें म्हणाली, “पाण्याच्या वर किती असतोस तूं?” मीं हातानें दाखविलें. “आमच्याकडे पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला लागलं तेव्हां बाबांनीं आम्हांला बाहेर काढलं,” ती म्हणाली, “मी मोजत होतें.” आणि त्या रात्रीं अकरा वाजेपर्यंत ती बोलत होती. कोणत्या पायरीला कोण काय म्हणालें, देव्हाऱ्यांतलें काय घेतलें, शेजारच्या आजींना कोणीं उचललें, सर्व क्रमानें, जणूं तिचीहि एक वही होती.

भय गेलें असें मी म्हणणार नाहीं. तें तिचें आहे, आणि थोडेंसें माझेंहि. परंतु या डिसेंबरांत दोना पावलाहून फोन केला तेव्हां दुपारचे दोन वाजले होते. मी सवयीनें म्हणालों, “आई, बाहेर आलों. आतां चहा घे.”

“माझा झाला केव्हांच,” ती म्हणाली. “वारा कोणता होता आज?”