पाणी, माजून आणि एक जुनी वही

नाताळच्या सुट्टीत एक दिवस तरी एकत्र भटकायचे, हे आम्हा तिघींचे बी.एड.पासून ठरलेले. तिघीही शिक्षिका. एक उल्हासनगरची सिंधी, एक बदलापूरची आणि मी अंबरनाथची. यंदा बदलापूरची मैत्रीण म्हणाली, “लांब कशाला जायचं? आपली तीन गावं तरी आपण कुठे नीट पाहिलीत?” तिन्ही गावे लोकलच्या एकाच मार्गावरची. ठरले, नाश्ता उल्हासनगरला, दुपार अंबरनाथला, संध्याकाळ बदलापूरला.

मी हो म्हटले, पण मनात धाकधूक होती. वीस वर्षांच्या मैत्रीत मी सिंधी मैत्रिणीच्या माहेरी कधी गेले नव्हते. तिचे वडील फाळणीत शिकारपूर सोडून आले तेव्हा आठ वर्षांचे होते. माझे नाव ऐकून त्यांना काय काय आठवेल, या विचाराने मी दर वेळी काहीतरी सबब सांगत आले.

उल्हासनगर मुळात लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय तिथल्या बराकींत केली गेली. १९४९ साली गावाला उल्हास नदीवरून नाव मिळाले, पण पत्ता सांगताना लोक अजूनही कॅम्प नंबरच सांगतात.

थंडी चांगली पडली होती. मैत्रिणीच्या वहिनीने गरम दाल-पकवान वाढले. जिऱ्याचा कुरकुरीत पकवान, त्यावर चण्याची मऊ डाळ, हिरवी आणि चिंचेची चटणी, वर कच्चा कांदा. मग खसखस आणि सुक्या मेव्याची वडी आली. “हिवाळ्यात आमच्याकडे माजून करतात,” वहिनी म्हणाल्या. मला हसू आले. आमच्याकडे माजून म्हणजे हकिमाचे औषध, नानी कुलूप लावून ठेवायची!

बाबा खाटेवर शाल पांघरून बसले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. मी सलाम केला. त्यांनी विचारले, “काय शिकवतेस?”

“उर्दू आणि मराठी.”

ते एकदम सरळ बसले. “म्हणजे अलिफ-बे येते तुला?” मुलीला म्हणाले, “ती वही आण.”

वही त्यांच्या वडिलांची. ते सिंधमध्ये प्राथमिक शिक्षक होते. बराकीत राहायला आल्यावर त्यांनी ती लिहिली, सिंधीत आणि अरबी वळणाच्या लिपीत. नजर होती तोवर बाबा ती एकटेच वाचायचे. कोणी विचारले तर म्हणायचे, “जुना हिशोब आहे.” मुले सिंधी बोलतात, पण शिकली हिंदी आणि इंग्रजीत. घरात ती वही वाचणारे आता कोणी नव्हते.

मी उघडली खरी, पण पहिल्याच ओळीत अडले. सिंधीची अक्षरे ५२. ओळखीच्या बेखाली एकाखाली एक दोन नुक्ते, तर कुठे चार चार. मी अडखळत नुसता उच्चार करायची, अर्थ मला कळत नव्हता. अर्थ बाबा सांगायचे. एका शब्दात नूनवर छोटा तोय होता. मी वाचले, “पानी.” बाबा म्हणाले, “पानी नाही, पाणी.” तो ‘ण’ होता! उर्दूला हे अक्षरच नाही, पण मराठीमुळे माझ्या जिभेला त्याची सवय. पुढचे सगळे ‘ण’ मी बरोबर वाचले.

दीड पान झाले. विहिरीचे पाणी गोड होते. म्हैस कोणाकडे सोडली. घराची किल्ली शेजारच्या मौलवींच्या हाती दिली. त्यांचे डोळे भरले, माझेही.

खोलीत कोणी बोलेना. मैत्रीण हे सगळे पहिल्यांदाच ऐकत होती. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “धीअ, बाकीची पाने वाचायला येशील?” धीअ म्हणजे मुलगी. हा शब्द मात्र कोणाला विचारावा लागला नाही.

अंबरनाथला माझ्या घरी जोहरची नमाज अदा केली आणि वालधुनीकाठचे प्राचीन शिवमंदिर पाहायला गेलो. मी याच गावात वाढले, पण बाहेरच्या भिंतींवरचे कोरीवकाम इतक्या सावकाश कधी पाहिले नव्हते. मंदिरात शिलालेख आहे, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. बदलापूरची मैत्रीण म्हणाली, “साडेनऊशे वर्षांचा लेख लोकांनी वाचून काढला, आणि घरातली वही वाचायला कोणी नव्हतं.” सिंधी मैत्रीण काहीच बोलली नाही.

संध्याकाळी बदलापूरला तिच्या दिरांच्या वाडीत पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. मडके उपडे घालून भोवती जाळ केला. शेंगा सोलताना बोटे भाजत होती. तेव्हा सिंधी मैत्रीण हळूच म्हणाली, “तू इतकी वर्षं आली का नाहीस?” मी खरे ते सांगितले. ती म्हणाली, “आणि मला वाटायचं, आमच्या घरचं खाणं तुला चालत नसेल.” दोघींनी एकमेकींना काही न विचारता वीस वर्षे काढली होती.

रात्री घरी येऊन कपाटातली पत्र्याची पेटी काढली. अब्बा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी अम्मीला गावी लिहिलेली खते त्यात आहेत, सगळी उर्दूत. माझा मुलगा इंग्रजी शाळेत शिकतो. मी उर्दूची शिक्षिका, आणि माझ्याच घरात माझ्यानंतर ही खते वाचणारे कोणी नाही. जगाच्या मुलांना शिकवताना हे राहूनच गेले.

आता रात्री जेवणानंतर आम्ही दोघे पंधरा मिनिटे बसतो. तो कुरकुरतो, पण बसतो. आणि महिन्यातून एका रविवारी मी कॅम्पात जाते. वहीची अकरा पाने झाली आहेत. मागच्या वेळी मैत्रीण शेजारी पाटी घेऊन बसली होती, बे गिरवत.