चिखल, चाकोरी आणि पाच बाइक्स

जुलै उजाडला की पुण्यातल्या बाइकवाल्यांचे दोन गट पडतात. पहिला गट गाडीवर कव्हर टाकतो, खिडकीत बसतो आणि कांदाभजी खात पाऊस बघतो. दुसरा गट रविवारी लोणावळ्याला जातो आणि पाऊस सोडून पुढच्या एसयूव्हीची नंबरप्लेट बघतो! आम्ही पाच जण या दोन्ही गटांतून फुटलेले. दोन आयटीतले, एक आर्किटेक्ट, एक बँकवाली आणि एक जण जो नेमकं काय काम करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. पाचांमध्ये समान धागा एकच, तो म्हणजे चिखल.

ट्रेल रायडिंग म्हटलं की लोकांना हवेत उडणाऱ्या बाइक्स आठवतात. तसलं काही नसतं हो. डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे शेतांमधून, ओढ्यांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटांवर ताशी १५-२० किलोमीटरच्या स्पीडने बाइक चालवायची, बस्स. ऐकायला बैलगाडीचा स्पीड वाटतो, पण संध्याकाळी दंड असे भरून येतात की चहाचा कप उचलताना हात थरथरतो.

आमचं ठिकाण ठरलेलं होतं, अंदर मावळ. दुचाकींना एक्स्प्रेसवेवर बंदी, म्हणून जुन्या हायवेने देहू रोड, तळेगाव, वडगाव करत कान्हे फाटा गाठायचा. पुण्यातून पन्नासेक किलोमीटर. तिथे उजवीकडे वळून रेल्वेलाइन आणि मग इंद्रायणी ओलांडली की टाकवे बुद्रुक. इथपर्यंत कारखाने आणि कंपन्यांच्या बसेस. पुढे वडेश्वर, सावळे, खांडी अशी गावं लागत जातात, मोबाइलची रेंज एकेक दांडी कमी होत जाते आणि दोन्ही बाजूंना फक्त भातखाचरं, डोंगर आणि ढग उरतात. उत्तरेकडच्या कुसूरच्या पठारावरून पूर्वापार पायवाट कोकणात भिवपुरीकडे उतरते.

वाटेत ठोकरवाडीचा तलाव दिसतो तो आंद्रा नदीचा. (आंध्र प्रदेशाशी काही संबंध नाही, इंग्रजी स्पेलिंगमुळे घोळ होतो.) टाटांनी हे पाणी अडवून घाटाखाली भिवपुरीच्या वीजघराकडे वळवलं. ते वीजघर १९२२ साली सुरू झालं आणि त्याची वीज मुंबईला गेली. म्हणजे पूर्वेकडे इंद्रायणीला मिळायचं पाणी उलटं फिरून पश्चिमेला गेलं. नरिमन पॉइंटच्या लिफ्टमध्ये चढलेल्या कित्येकांनी नकळत अंदर मावळातला पाऊस वापरलाय.

टाकव्याच्या पुढे चहाच्या टपरीवर थांबून टायरमधली हवा उतरवली. हा महत्त्वाचा फंडा. रोजच्या २८-३० पीएसआयवरून वीसच्या आसपास आलं की टायर जमिनीवर पसरतो आणि चिखलात पकड घेतो. मात्र फार खाली जायचं नाही, कारण ट्यूबवाला टायर असेल तर दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते आणि पंक्चर होतं. परतीसाठी पंप हवाच. बाकी बाइक कोणती, यावर आमच्यात वर्षभर भांडणं चालतात. आर्किटेक्टच्या एक्सपल्सला पुढे २१ इंची चाक आणि २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, त्यामुळे तो दगडांवरून तरंगत जातो. बँकवाली साध्या दीडशे सीसीच्या गाडीवर येते आणि सगळ्यांत कमी पडते. यातून काय ते समजून घ्या.

चिखलाचेही प्रकार असतात. वर पातळ राडा आणि खाली घट्ट मुरूम असेल तर ती मौजच. नुसतं उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, नजर लांब ठेवायची आणि दुसऱ्या गिअरवर एकसारखा थ्रॉटल द्यायचा. पुढच्या ब्रेकला हात लावायचा तो आजारी माणसाच्या कपाळाला लावतात तसा. खरी परीक्षा बघतो तो अर्धवट वाळलेला चिकट चिखल. तो मडगार्डखाली साचत जातो आणि शेवटी चाक फिरायचंच बंद होतं. मग गाडी स्टँडवर, हातात झाडाची काटकी आणि तोंडात शिव्या.

आणि चाकोरी! ऑफिसमध्ये बसून ‘चाकोरीबाहेरचं काहीतरी करायचंय’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने एकदा खऱ्या चाकोरीत बाइक घालून बघावी. बैलगाडी आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेली ती फूटभर खोल नाळ. पुढचं चाक एकदा आत गेलं की बाहेर काढायला जाल तर आडवे व्हाल. ती नेईल तिकडे जायचं, नजर चाकावरून काढून वाटेच्या टोकाला ठेवायची. आयटीतल्या एकाने हँडल फिरवलं आणि तो खाचराच्या कडेला असा शांतपणे आडवा झाला की हेल्मेटच्या आतून फक्त ‘ठीक आहे, ठीक आहे’ एवढंच ऐकू आलं.

आम्ही त्याला उचलत होतो तेवढ्यात मागून एक दूधवाले काका आले. जुनी शंभर सीसीची स्प्लेंडर, मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, पायात स्लीपर. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या गवताच्या उंचवट्यावरून, दोन्ही पाय खाली सोडून, गाडी न वाढवता न थांबवता ते निघून गेले. जाताना म्हणाले, “गवतावरनं चालवा की!” आमच्या पाच जणांच्या गिअरची किंमत जोडली असती तर त्यात त्यांच्या दोन गाड्या आल्या असत्या.

दुपारी एका वाटेवर मात्र प्रकरण अडलं. नकाशावर जी बारीक करडी रेघ दिसते आणि जिला आपण ‘ट्रेल’ म्हणतो, तिला गावात पाणंद म्हणतात. ती कुणाच्या मौजेसाठी नसते. औत, खत आणि कापलेलं भात तिथूनच नेतात. ती अडवली तर तहसीलदार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली मोकळी करून देऊ शकतो, इतकं तिचं महत्त्व. हल्ली फार्महाउसच्या कंपाउंडने अशा कितीतरी वाटा मध्येच संपतात आणि पलीकडच्या शेतकऱ्याला वळसा पडतो. तर आमच्या पाणंदीत मधोमध एक ट्रॅक्टर रुतून बसलेला, दोन्ही बाजूंना भातखाचरं. ट्रॅक्टरवाल्याने दुसरा ट्रॅक्टर बोलावला होता आणि तो यायला तास-दोन तास लागणार होते.

डावीकडे खाचराचा बांध होता, हातभर रुंद. आर्किटेक्ट म्हणाला, “यावरून वीस मीटर गेलो की पुढे वाट मोकळी. एकेकाने काढू.” खाचरात लावणी चालली होती. डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेतलेल्या आठ-दहा बायका वाकून आवणाच्या मुठी सोडवत होत्या. त्यातल्या एक मावशी कंबर धरून उभ्या राहिल्या.

“बाळा, वाट समद्यांची हाय, तिथनं कुनीबी जावं. पर बांधावर चाक नको.”

“मावशी, हळूच नेतो,” आर्किटेक्ट म्हणाला.

“हळू न्या न्हायतर जोरात. वल्ला बांध हाय, बसला की फुटला. फुटला की माजं पानी समदं खालच्याच्या खाचरात. मंग परत चिखलनी कोन करनार?”

चिखलणी म्हणजे पाणी साठवून जमीन मळून मळून मऊ करणं. त्याशिवाय रोप उभं राहत नाही. खाचरं पायऱ्यांसारखी एकाखाली एक असतात आणि पाऊस बेभरवशाचा. एक बांध गेला तर दोन घरांचं काम वाया जातं, वर भांडण वेगळंच. आर्किटेक्ट घड्याळ बघत होता. अंधारात जुना हायवे नको, हा त्याचा मुद्दा खोटा नव्हता. बँकवालीने वाद न घालता इंजिन बंद केलं, उतरली आणि गाडी मागे वळवायला लागली.

पाच फुटांच्या पाणंदीत पाच बाइक्स वळवायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. मागचं चाक उचलायचं, सरकवायचं, घसरायचं, परत उचलायचं. बायकांची भरपूर करमणूक झाली. शेवटी मावशींनीच चहा पाजला, गुळाचा, स्टीलच्या टोपातून. आमचे सायलेन्सर कंपनीचेच आहेत हे त्यांनी आवर्जून कौतुकाने सांगितलं. मागच्या रविवारी फटाके फोडणाऱ्या गाड्या आल्या होत्या आणि त्यांचे बैल औतासकट उधळले होते.

गप्पांमध्ये कळलं की खाचरात इंद्रायणी लावतायत. आपण मॉलमधून घेतो तो हा तांदूळ याच तालुक्यातला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांकडे आला. आंबेमोहोराचा वास आणि आयआर ८चं उत्पन्न, असा तो सौदा. शिजला की जरा चिकट होतो, म्हणून आमटीभाताला त्याला तोड नाही.

तुम्हाला जायचं असेल तर चार-पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत. सकाळी सहाला निघा. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे घ्या, दोरी आणि पंप घ्या. ओढ्याला पाणी चढलेलं असेल तर आधी चालत जाऊन बघा. गुडघ्याच्या वर असेल तर बाइकला आणि तुम्हालाही परत फिरू द्या. बाइक ओढ्यात धुऊ नका, चेनचं तेल त्यात जातं आणि खाली गुरं पाणी पितात. कान्हे फाट्यावर वॉशिंगवाला आहे.

निघताना मावशी म्हणाल्या, “दिवाळीनंतर या, नवा तांदूळ घेऊन जा.” बँकवालीने तिथेच दहा किलोची ऑर्डर दिली. आर्किटेक्टने वीस किलोची. बाइकवर पोतं कसं बांधायचं ते दूधवाल्या काकांना विचारायचं ठरलंय.