मोमोचे केस आणि दिवेआगरची वाळू

मोमोला पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, ‘कुठल्या पार्लरला नेता हिला?’ आणि मी दर वेळी, जराशी कॉलर ताठ करत सांगते, ‘छे, घरीच करते सगळं!’

मोमो म्हणजे आमची ल्हासा ॲप्सो. वय ३ वर्षं, वजन साडेसहा किलो, आणि मधाच्या रंगाचे, थेट जमिनीपर्यंत लोळणारे केस. बाणेरच्या आमच्या सोसायटीत मला माझ्या नावानं चार जण ओळखत असतील. ‘मोमोची मम्मी’ म्हणून मात्र अख्खी बी विंग ओळखते!

तर ही ताठ कॉलर उतरली दिवेआगरला. गेल्या नोव्हेंबरात, एका शनिवारी संध्याकाळी, एका आजींच्या पडवीत.

दिवाळीनंतरचा निवांत वीकेण्ड. लॅपटॉप घरी ठेवायचा, हे आधीच ठरलेलं. पहाटे साडेपाचला निघालो. मुळशीचा तलाव धुक्यात होता, ताम्हिणीत काचा खाली केल्या आणि मोमोनं नाक बाहेर काढलं. वाऱ्यावर उडणारे केस, मागे सोनेरी गवत... मी चाळीसेक फोटो काढले. ‘पुढे बघू दे मला,’ नवरा वैतागला. नाश्त्याला माणगाव, मग म्हसळा, आणि अकराच्या आत दिवेआगर.

कुत्र्यासकट राहायची सोय मिळणं सोपं नसतं. आम्हाला वाडीतलं एक घर मिळालं होतं. घराच्या मालकीण सत्तरीच्या आजी. फोनवरच त्यांनी अट घातली होती, ‘कुत्रं पडवीपर्यंत. माजघरात नको हो.’ मान्य! मागे नारळी-पोफळीची वाडी, मधून पाट, पाटाच्या कडेनं जास्वंद. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, हे आजींनी पहिल्या चहाबरोबरच सांगितलं. मग नव्या लावलेल्या रोपांकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘वाढतायत हळूहळू. रोज पाणी दाखवायचं, दुसरं काय!’

दुपारी ताटात उकडीचे मोदक आणि त्यावर तुपाची धार. संध्याकाळी समुद्र. दिवेआगरचा किनारा लांबच लांब आणि सपाट, काठाला सुरूची झाडं. मोमोनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. आधी भुंकली, मग लाटेवर धावून गेली, मग लाट तिच्यावर धावून आली. पाऊण तास नुसता दंगा! येताना आम्ही शॉर्टकट म्हणून सुक्या गवतातून आलो. तीच चूक.

खरं तर चुका आधीपासूनच चालू होत्या. घरी आल्यावर मी तिला बादलीभर पाण्यानं, शाम्पू लावून आंघोळ घातली, टॉवेलनं खसाखसा पुसलं आणि वरून ब्रश फिरवला. पाच मिनिटांत मोमो परत फोटोजेनिक! पण ती चालताना पुढचा उजवा पाय उचलून धरत होती. मी बगलेपाशी हात नेला, तर माझ्यावर गुरगुरली. तीन वर्षांत पहिल्यांदा. मला तर रडूच आलं.

आजी सूप घेऊन पडवीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, चष्मा लावला आणि म्हणाल्या, ‘आण बघू इकडे.’ मोमो त्यांच्या पुढ्यात निमूट आडवी झाली. आजींनी बोटांनी केस बाजूला सारले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘अगो, वरवर विंचरलंयस तू. मुळाशी बघितलंयस का कधी?’

नव्हतं बघितलं. मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं, आणि कानाची पाळ गरम झाली. वरून रेशीम, आणि आत नमदा! दोन्ही बगलांत, जिथे गाडीतला हार्नेस घासत होता तिथे, सुपारीएवढ्या गाठी. कानामागे गाठी, पोटाखाली वाळू. आणि उजव्या पंजात, दोन बोटांच्या मध्ये, केसांत लपलेलं एक कुसळ. अर्धं कातडीत रुतलेलं.

नवऱ्यानं पंजा धरला, मी चिमट्यानं कुसळ सरळ ओढून काढलं. जखम कोमट पाण्यानं धुतली. एका कानामागे एक गोचीडही निघाली. आजी म्हणाल्या, ‘गोठ्यात आम्ही रॉकेलचा बोळा लावायचो.’ त्याला मात्र नम्रपणे नाही म्हटलं. रॉकेलनं कातडी भाजते. गोचीड कातडीलगत चिमट्यात धरून, न पिळता, सरळ ओढायची.

मग गाठी. मी कात्री काढली, तशी आजींनी हातच धरला. ‘कातडी गाठीबरोबर वर येते गो, दिसायचं नाही तुला!’ त्यांनी एक गाठ बोटांनी मधोमध उकलली, केस मुळाशी चिमटीत धरले म्हणजे कातडीला ओढ बसू नये, आणि फणी टोकापासून हळूहळू वर आणली. ‘दोन लेकींच्या वेण्या घातल्यात मी. गुडघ्यापर्यंत केस होते दोघींचे.’ आता एक लेक ठाण्याला, एक बडोद्याला. फणी फिरवता फिरवता त्या एकेकीच्या शाळेतल्या गोष्टी सांगत होत्या. अधूनमधून मी गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर टाकत होते, त्यानं केस सुटे व्हायला मदत होते. दोन तास! सगळ्या गाठी सुटल्या नाहीतच. पण मोमो त्या दोन तासांत एकदाही गुरगुरली नाही. शेवटी तर झोपलीच, आजींच्या पायावर डोकं ठेवून.

सोमवारी रजा वाढवून डॉक्टरांकडे गेलो. कुसळ पूर्ण निघालं होतं. आत राहिलं असतं तर ते कातडीखाली पुढे पुढे सरकत जातं आणि पू होतो, हे तेव्हा कळलं. आणि हेही कळलं, की ओल्या केसांतली गाठ वाळताना आणखी आवळते. म्हणजे आधी विंचरायचं, मग आंघोळ. मी तीन वर्षं नेमकं उलटं करत होते.

ल्हासा ॲप्सो मूळची तिबेटची. ल्हासा शहरच साडेतीन हजार मीटरपेक्षा उंचावर, कोरड्या थंड हवेत. तिथल्या घरांत आणि मठांत आतल्या राखणीला ही चिमुकली कुत्री असायची. तिथे हे केस म्हणजे तिची रजई. पुण्याच्या पावसाळ्यात, कोकणच्या दमट हवेत, तीच रजई तिनं कोणासाठी पांघरायची? माझ्या फोटोंसाठी?

नवरा वर्षभर ‘जरा कापू या का’ म्हणत होता. मी हो म्हटलं. पार कातडीपर्यंत नाही, कारण त्यानं ऊन भाजतं. इंच-दीड इंच ठेवले. जमिनीवर पडलेला मधाचा ढीग बघून पोटात कालवलं, खोटं कशाला बोलू! पण घरी आल्यावर मोमोनं हॉलमध्ये तीन चकरा मारल्या, आणि तिचे डोळे मी पहिल्यांदा नीट पाहिले. काळेभोर, मोठे.

फोटो आजींना पाठवला. त्यांचा उलट फोन आला, ‘आता दिसली हो तुझी मोमो! परत आणशील तेव्हा माजघरात आण.’

आता रोज रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं. टीव्ही बंद, मोबाइल लांब. आजी म्हणतात तसं, रोज पाणी दाखवायचं. लिफ्टमध्ये ‘अय्यो, केस कापले?’ असं विचारणारे अजून भेटतात. मी सांगते, ‘हो. मुळापर्यंत हात पोचावा म्हणून.’

लांब केसांच्या दोस्ताला कोकणात नेताना...

• कसं जाल : पुणे-ताम्हिणी-माणगाव-म्हसळा-दिवेआगर, साधारण १६० किलोमीटर. राहण्याच्या ठिकाणी कुत्र्याबद्दल आधीच विचारून घ्या.

• बॅगेत काय : स्टीलची फणी (एका बाजूला विरळ, एका बाजूला दाट दाते), स्लिकर ब्रश, चिमटा, कॉर्नफ्लॉवर, कुत्र्यांचा शाम्पू, दोन टॉवेल. आपला शाम्पू नको, त्यांच्या कातडीला तो चालत नाही.

• निघण्यापूर्वी : पंजांमधले केस बारीक करून घ्या. गोचिडांवरचं औषध डॉक्टरांना विचारून आधीच द्या.

• समुद्रावरून आल्यावर : आधी साध्या पाण्यानं खारेपणा आणि वाळू काढा. टॉवेल चोळू नका, दाबून पाणी टिपा. केस मुळापर्यंत कोरडे करा, ओल राहिली तर कातडी खराब होते. शाम्पूची आंघोळ गाठी सोडवल्यावरच.

• रोज : केसांचा भांग पाडत, एकेक पट्टा, कातडीपासून. कानामागे, बगला, पोट, बोटांच्या बेचक्या. फणी अडली नाही, तरच झालं म्हणायचं!